एका तबकडीचा हिशोब : क्वीन, नोव्हेंबर १९७५

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही निवडक प्रश्न दिले आहेत.)



या मालेत आपण एरवी लढाया, तह, जमीनमहसूल असल्या विषयांवर बोलतो. त्यामुळे आज रॉक बँडच्या अल्बमवर व्याख्यान आहे म्हटल्यावर काहींना आश्चर्य वाटलं असेल. पण खात्री बाळगा, आजही आपण तह आणि महसूल यांच्यावरच बोलणार आहोत. माणसं तेवढी लांब केसांची आहेत. (हशा)

२१ नोव्हेंबर १९७५ या दिवशी ब्रिटनमध्ये क्वीन या बँडचा चौथा स्टुडिओ अल्बम बाजारात आला. नाव होतं 'अ नाईट ॲट द ऑपेरा'. मार्क्स बंधूंच्या १९३५ सालच्या विनोदी चित्रपटाचं नाव त्यांनी जसंच्या तसं उचललं होतं. पांढरं कव्हर, आणि मधोमध बँडचं मानचिन्ह. त्यात दोन सिंह, एक खेकडा, दोन पऱ्या आणि सगळ्यांच्या वर पंख पसरलेला फिनिक्स पक्षी. सिंह, खेकडा आणि पऱ्या या चौघांच्या पाश्चात्त्य पद्धतीच्या राशी आहेत. दोघांची सिंह, एकाची कर्क, एकाची कन्या. हे चिन्ह गायक फ्रेडी मर्क्युरीने स्वतः काढलेलं होतं, कारण त्याचं शिक्षणच मुळी ग्राफिक डिझाईनचं. आत १२ गाणी, सगळी मिळून साधारण ४३ मिनिटं. त्यातलं ११ वं गाणं म्हणजे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'.

आता हे गाणं तुमच्यापैकी अनेकांना २०१८ च्या चित्रपटामुळे माहीत असेल. त्या चित्रपटात रेकॉर्ड कंपनीचा एक साहेब आहे. तो म्हणतो, सहा मिनिटांचं गाणं कोण ऐकणार, आणि बँड त्याच्या खोलीतून ताडताड निघून जातो. प्रसंग छान आहे. पण तो साहेब खरा नव्हता, चित्रपटासाठी रचलेलं पात्र आहे ते. कंपनीला गाण्याची लांबी खटकत होती, हे खरं. मात्र त्या वर्षी बँडची खरी झटापट चालली होती ती या साहेबाशी नव्हे, तर दुसऱ्याच एका कागदाशी. तो कागद चित्रपटात जेमतेम येतो. आज आपण तिथूनच सुरुवात करू.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकायला सोपं जाईल. या अल्बमची गोष्ट नेहमी प्रतिभेची गोष्ट म्हणून सांगितली जाते. प्रतिभा होतीच, वादच नाही. पण गाणं कोणाचं, आणि त्याचे पैसे कोणाचे, या प्रश्नातून हा अल्बम उभा राहिला. बाहेरच्या माणसांशी हा प्रश्न मिटला, तेव्हा तो घरात शिरला. घरात तो मिटायला चौदा वर्षं लागली.

उचल

आधी माणसं पाहू. फ्रेडी मर्क्युरी गायक आणि पियानोवादक. ब्रायन मे गिटारवादक. हा लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये ग्रहांच्या मधल्या धुळीवर संशोधन करत होता, ते अर्धवट सोडून संगीतात आला आणि थेट २००७ मध्ये त्याने ती पीएच.डी. पूर्ण केली. रॉजर टेलर ड्रमवादक, दंतवैद्यकाचं शिक्षण सोडून आलेला. आणि जॉन डीकन बासवादक, इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर, १९७१ मध्ये सगळ्यांत शेवटी आलेला. म्हणजे चारही मुलं शिकली-सवरलेली. पण करार वाचण्यात कच्ची, असं म्हणायला हरकत नाही.

१९७२ मध्ये त्यांनी लंडनच्या सोहो भागातल्या ट्रायडंट या संस्थेशी करार केला. ट्रायडंटचा स्टुडिओ त्या काळात नावाजलेला होता. बीटल्स, डेव्हिड बोवी, एल्टन जॉन, सगळ्यांनी तिथे ध्वनिमुद्रण केलेलं. नवख्या बँडला असं दार उघडलं जाणं ही मोठी गोष्ट होती. करार असा, की ट्रायडंटच बँडची व्यवस्थापक, ट्रायडंटच निर्माती आणि ट्रायडंटच गाण्यांची प्रकाशक. स्टुडिओत पैसे देणारं गिऱ्हाईक नसेल तेव्हा, म्हणजे बरेचदा रात्री-बेरात्री, या मुलांनी ध्वनिमुद्रण करायचं. तयार झालेला माल ट्रायडंटने ईएमआयसारख्या रेकॉर्ड कंपनीला द्यायचा. कंपनीचे पैसे आधी ट्रायडंटकडे येणार, झालेला खर्च वळता होणार, मग उरलं तर बँडला. बँडला दर आठवड्याला ठरलेला पगार, सुरुवातीला माणशी २० पाऊंड, पुढे ६०.

आपल्याकडच्या श्रोत्यांना हे समजायला जड जाऊ नये. ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याला मुकादम हंगामाआधी उचल देतो. हंगामभर तोड करायची आणि शेवटी हिशोब ऐकायचा, की उचल फिटली की नाही. ऊसतोड मजुराचे हाल आणि लंडनच्या स्टुडिओतले हाल यांची तुलना मी करत नाही, तेवढा अविचार माझ्याकडून होणार नाही. पण हिशोबाची जात एकच. ज्याच्याकडून उचल घेतली, वहीसुद्धा त्याच्याच हातात.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. ट्रायडंटने तीन अल्बम होईपर्यंत या बँडवर खराखुरा पैसा घातला होता. स्टुडिओ, वाद्यं, दिवे, दौरे. बँड बुडाला असता तर तो पैसाही बुडाला असता. ट्रायडंटचे नॉर्मन शेफील्ड यांनी पुढे २०१३ मध्ये आत्मचरित्र लिहून आपली कैफियत मांडली. म्हणजे सरळसोट सावकार आणि कूळ अशी ही गोष्ट नाही. जोखीम कोणी घेतली आणि किती काळ तिचं फळ घ्यायचं, असा तो वाद होता.

वाद पेटला, कारण बँड चालायला लागला. १९७४ च्या शेवटी 'किलर क्वीन' हे गाणं ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. १९७५ च्या वसंतात ते जपानला गेले तर टोकियोच्या विमानतळावर चाहत्यांची झुंबड. आणि हे सगळं करून घरी आलं की आठवड्याचे ६० पाऊंड. डीकनचं नुकतंच लग्न झालेलं, त्याला घरासाठी अनामत भरायला पैसे हवे होते. मर्क्युरीला पियानो हवा होता. दोघांनाही नकार मिळाला, असं बँडच्या बाजूने सांगितलं जातं. बाहेर टाळ्या आणि घरात भाड्याची चिंता. आपल्या जुन्या नाटक कंपन्यांचा इतिहास वाचलेल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल.

शेवटी वकील बसले. ऑगस्ट १९७५ मध्ये तह झाला. तहाची कलमं ऐका. ट्रायडंटला १ लाख पाऊंड रोख द्यायचे, आणि वर बँडच्या पुढच्या सहा अल्बमांच्या उत्पन्नातला १ टक्का. त्या बदल्यात बँड मोकळा. मोकळा म्हणजे कसा, तर डोक्यावर देणं घेऊन. त्यात अमेरिकेचा ठरलेला दौराही रद्द झालेला. एल्टन जॉनचे व्यवस्थापक जॉन रीड यांनी कारभार हाती घेतला आणि मुलांना सांगितलं, की पैशाचं मी बघतो, तुम्ही जाऊन उत्तम अल्बम करा.

इथे क्षणभर थांबा. त्या सहा अल्बमांतला पहिला अल्बम कुठला? तोच, 'अ नाईट ॲट द ऑपेरा'. म्हणजे जो अल्बम आज त्यांच्या स्वातंत्र्याची खूण मानला जातो, त्याच्या प्रत्येक प्रतीवर आधीच्या कराराचा १ टक्का होता. आणि त्यातलं पहिलंच गाणं एका लुबाडणाऱ्या माणसावर रागाने ओकलेलं आहे. गाण्यात कोणाचं नाव नाही. पण शेफील्ड यांना ते आपल्यावरच आहे असं वाटलं, आणि त्यावरून कायदेशीर प्रकरण उभं राहिलं.

तो काळ

हे कुठल्या ब्रिटनमध्ये घडत होतं? १९७३ च्या तेलसंकटानंतरच्या. १९७४ च्या सुरुवातीला तिथे वीज वाचवण्यासाठी कारखान्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळत होती. १९७५ मध्ये महागाईचा दर २४ टक्क्यांच्या आसपास होता. आणि तबकडी कशाची बनते? पीव्हीसीची. पीव्हीसी कशापासून? तेलापासून. तेलाच्या टंचाईत तबकड्यांचा कच्चा मालही महागला होता. अशा वेळी कंपनी काय म्हणेल? हात आखडून खर्च करा.

या चौघांनी नेमकं उलटं केलं. साधारण ४० हजार पाऊंड खर्च केले. त्या वेळचा सर्वांत महाग अल्बम म्हणून त्याचा बोलबाला झाला. हा खर्च का केला? चैन म्हणून नव्हे. तीन अल्बम झाले होते आणि हाताशी काही नव्हतं. हा चालला नाही तर पुढचा निघेलच याची खात्री नव्हती. जुगारात शेवटचा डाव मोठा लावतात, तशातला हा प्रकार.

टेप पातळ झाली

ऑगस्टच्या शेवटी ते वेल्समध्ये गेले. मनमथ गावाजवळ रॉकफील्ड नावाचा स्टुडिओ आहे, मूळचा शेतवाडा. तिथे काम सुरू झालं आणि पुढे लंडनच्या अनेक स्टुडिओंतून चालू राहिलं. कधीकधी एकाच वेळी वेगवेगळ्या स्टुडिओंत वेगवेगळे जण. निर्माते होते रॉय थॉमस बेकर.

तंत्राचं थोडं सांगतो, कारण त्याशिवाय ४० हजार कुठे गेले ते कळणार नाही. तेव्हा ध्वनिमुद्रण टेपवर व्हायचं. दोन इंच रुंदीच्या टेपवर २४ पट्ट्या. एका पट्टीवर एक आवाज. तुम्हाला २४ पेक्षा जास्त आवाज हवे असतील तर काय करायचं? भरलेल्या काही पट्ट्या एकत्र करून एका-दोन पट्ट्यांवर उतरवायच्या, बाकीच्या मोकळ्या करायच्या, पुन्हा गायचं. पुन्हा उतरवायचं. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा मधला ऑपेरासारखा भाग असा केला आहे. ऐकताना वाटतं शंभर जणांचा वृंद आहे. गाणारे तिघेच, मर्क्युरी, मे आणि टेलर. सगळ्यांत वरचे सूर टेलरचे. जवळपास तीन आठवडे, दिवसाला दहा-बारा तास ही मंडळी तेवढ्या भागासाठी गात होती. आवाजांचे थर १८० पर्यंत गेले असं सांगतात. टेप यंत्रातून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा लेप झिजला आणि ती उजेडात धरली तर आरपार दिसायला लागलं.

हे काम नकाशा कोणाच्या डोक्यात असल्याशिवाय होत नाही. तो मर्क्युरीच्या डोक्यात होता. बाकीच्यांना तुकडे माहीत होते, अख्खं गाणं पुष्कळ उशिरा ऐकायला मिळालं.

आणि आता गंमत बघा. एवढ्या महाग अल्बममधली वाद्यं कुठली? ब्रायन मेची गिटार त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरी बनवलेली. तिचा दांडा जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाचा, स्प्रिंगा मोटारसायकलच्या इंजिनातल्या, आणि एका भागाला विणकामाच्या सुईचं टोक. 'गुड कंपनी' या गाण्यात जुन्या जॅझ बँडचे कर्णे-बासऱ्या ऐकू येतात, त्या कर्णे-बासऱ्या नाहीतच. ती मेची गिटार आहे, आणि तिचा आवाज येतो तो डीकनने बनवलेल्या छोट्या ॲम्प्लिफायरमधून. तो त्याने कचऱ्याच्या पेटीत सापडलेल्या सर्किटपासून तयार केला होता. आणखी एका गाण्यात जुन्या काळातल्या गायकासारखा आवाज हवा होता, तर हेडफोन पत्र्याच्या डब्यात ठेवून त्यातून आवाज सोडला आणि तो पुन्हा मुद्रित केला. अल्बमच्या कव्हरवर अभिमानाने लिहिलं होतं, की यात सिंथेसायझर वापरलेला नाही.

थोडक्यात, पैसे गेले ते वस्तूंवर नाही. पैसे गेले वेळेवर. स्टुडिओचा तास विकत घ्यावा लागतो. पहिला अल्बम त्यांनी दुसऱ्यांनी सोडलेल्या तासांत केला होता. चौथ्या अल्बमला त्यांना स्वतःचे तास मिळाले. करार बदलल्याने प्रत्यक्ष संगीतात काय बदललं, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर हेच. वेळ मिळाला.

पाच मिनिटं पंचावन्न सेकंद

आता प्रकाशनाकडे येऊ. अल्बमच्या आधी एक गाणं सुटी तबकडी म्हणून काढायचं असा रिवाज होता. कुठलं काढायचं? बँड म्हणाला, 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद. रेडिओवर गाणं असायचं तीन मिनिटांचं. कंपनीला ते कापायचं होतं, बँडने नकार दिला.

लंडनच्या कॅपिटल रेडिओवर केनी एव्हरेट नावाचा निवेदक होता, मर्क्युरीचा मित्र. त्याच्या हाती तबकडी प्रकाशनाआधीच पडली. त्याने एका शनिवार-रविवारी ती चौदा वेळा वाजवली, असं सांगितलं जातं. चौदाचा आकडा कोणी वहीत मांडून ठेवला होता असं नाही, पण सोमवारी लोक दुकानांत जाऊन न आलेलं गाणं मागू लागले, ही गोष्ट अनेकांनी सांगितली आहे. ३१ ऑक्टोबरला तबकडी आली.

पुढे अडचण निराळीच. बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या कार्यक्रमात गाणं दाखवायचं तर बँडने तिथे हजर राहून ओठ हलवायचे. पण बँड दौऱ्यावर निघालेला, आणि तो ऑपेराचा भाग तिघांनी उभं राहून कसा सादर करायचा? म्हणून १० नोव्हेंबरला एल्स्ट्री इथे, दौऱ्याची तालीम चालू असतानाच, दिग्दर्शक ब्रूस गावर्स यांनी चार-एक तासांत एक फिल्म चित्रित केली. खर्च साडेचार हजार पाऊंडांच्या आसपास. २० नोव्हेंबरला ती बीबीसीवर दिसली. दुसऱ्या दिवशी, २१ ला, अल्बम दुकानात. २९ नोव्हेंबरला गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं आणि नऊ आठवडे तिथेच राहिलं. पुढे अल्बमही ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचला, अमेरिकेत चौथ्या. देणं फिटायला सुरुवात झाली.

तबकडीची दुसरी बाजू

इथे चित्रपट असता तर टाळ्या पडून पडदा पडला असता. पण हिशोब अजून पुरा झालेला नाही.

सुट्या तबकडीला दोन बाजू. एका बाजूला 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', लेखक मर्क्युरी. दुसऱ्या बाजूला काय? रॉजर टेलरने आपलं गाणं लावण्याचा आग्रह धरला, 'आय ॲम इन लव्ह विथ माय कार'. मोटारीच्या प्रेमात पडलेल्या माणसाचं गाणं. आता कायदा असा, की तबकडी विकली गेली की दोन्ही बाजूंच्या गीतकारांना सारखी रॉयल्टी. लोकांनी कुठली बाजू ऐकली हे कोणी विचारत नाही. ब्रिटनमध्ये १९७६ च्या सुरुवातीपर्यंतच त्या तबकडीच्या १० लाखांहून जास्त प्रती खपल्या. म्हणजे जगातल्या सर्वांत गाजलेल्या गाण्यांपैकी एका गाण्याचा लेखक आणि मोटारीवरच्या गाण्याचा लेखक, दोघांना त्या विक्रीतून सारखे पैसे.

आणि ज्यांचं गाणं कुठल्याच बाजूला नाही, त्यांना गीतलेखनाचं काहीच नाही. मग तीन आठवडे दहा-दहा तास गाणाऱ्या ब्रायन मेचं काय? गाण्याच्या मधला गिटारचा तुकडा त्याचा आहे, तो ऐकल्याशिवाय तुम्हाला ते गाणं आठवतच नाही. पण कागदावर गाणं एकाचं. या अल्बमवर नावं कशी पडली ते पहा. मर्क्युरीची ५ गाणी, मेची ४, टेलरचं १, डीकनचं १, आणि शेवटी ब्रिटनच्या राष्ट्रगीताची मेने केलेली रचना. डीकनचं ते एक गाणं, 'यू आर माय बेस्ट फ्रेंड', त्याने बायकोसाठी लिहिलेलं, तेही पुढे सुटं निघून गाजलं. म्हणजे सगळ्यांत शांत माणसालाही कळलं, की बँडमध्ये नुसतं वाजवून भागत नाही, नावावर गाणं पाहिजे.

यानंतरची अनेक वर्षं, कुठलं गाणं सुटं निघणार, कोणाचं मागच्या बाजूला लागणार, यावरून या चौघांत खटके उडत राहिले. त्यांनी स्वतः मुलाखतींत हे सांगितलं आहे. आणि ते शेवटी कसं मिटलं? १९८९ चा 'द मिरॅकल' हा अल्बम घ्या. त्यावर लेखक म्हणून कोणाचंच वैयक्तिक नाव नाही. सगळी गाणी 'क्वीन'ची. पैसे चौघांत. पुढचा १९९१ चा अल्बमही तसाच. एव्हाना मर्क्युरी आजारी होता. २४ नोव्हेंबर १९९१ ला तो गेला. म्हणजे एकत्र लिहायचं ठरल्यावर त्यांच्या वाट्याला फार थोडा काळ आला.

त्याच महिनाअखेरीनंतर 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पुन्हा काढलं गेलं, पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेलं, १९७५ सारखंच नाताळात. या वेळचं उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला देण्यात आलं. ज्या गाण्याच्या पैशावरून इतकं झालं, त्याच गाण्याचे पैसे शेवटी कोणीच घेतले नाहीत. मला या सगळ्या कहाणीत ही नोंद फार महत्त्वाची वाटते.

पाचगणीचं काय?

तुम्ही वाट बघत असाल, की हा माणूस पाचगणीवर कधी येतो. आलो. (हशा) फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांजिबार. घर पारशी, मूळ गुजरातकडचं. वडील ब्रिटिश वसाहतीच्या सरकारी कचेरीत रोखपाल. आठ वर्षांच्या सुमारास त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवलं. तिथे तो पियानो शिकला, परीक्षा दिल्या, गायकवृंदात गायला आणि मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा शाळेतला बँड केला. 'फ्रेडी' हे नावही शाळेतलंच. १९६३ मध्ये तो झांजिबारला परतला, १९६४ च्या क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडला गेलं.

यावरून आपण लगेच 'आपला फ्रेडी' म्हणतो. म्हणायला माझी ना नाही. पण 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'त सह्याद्रीचा वारा वाहतो वगैरे जे लिहिलं जातं, त्याला पुरावा नाही. मर्क्युरी या वर्षांबद्दल जाहीरपणे फार कमी बोलला. जे आहे ते एवढं: एका मुलाला वसतिगृहात पियानो मिळाला, आणि रोज बसायला वेळ मिळाला. मघाशी स्टुडिओबद्दल मी जे म्हणालो तेच इथेही. मला ते पुरेसं वाटतं. त्यात आणखी भर घालायची गरज नाही.

मी इथे थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ.

प्रश्न : ही जगातली पहिली म्युझिक व्हिडिओ, असं वाचलं होतं. खरं का?

नाही. बीटल्सनी १९६६-६७ मध्येच अशा फिल्म केल्या होत्या. पण फिल्म दाखवून गाणं वर जातं, हे कंपन्यांना पटलं ते या फिल्ममुळे. एमटीव्ही १९८१ चं. त्याआधी सहा वर्षं हे घडलं.

प्रश्न : पुढे पंक संगीतवाले यांच्यावर तुटून पडले ना?

हो, आणि त्यात एक योगायोग आहे. १ डिसेंबर १९७६ ला लंडनच्या एका टीव्ही कार्यक्रमात क्वीन येणार होते, ते आले नाहीत. ईएमआयने आयत्या वेळी आपलाच दुसरा बँड पाठवला, सेक्स पिस्टल्स. त्यांनी थेट प्रक्षेपणात शिव्या दिल्या आणि रातोरात देशभर गाजले. पुढच्या महिन्यात कंपनीने त्यांना काढून टाकलं. ४० हजारांचे अल्बम नकोत, चार सूर आणि राग पुरे, असं म्हणणाऱ्या पिढीला क्वीनच्या रिकाम्या खुर्चीवरच जागा मिळाली.

प्रश्न : माझ्या मुलाचा बँड आहे. त्याला एका कंपनीचा करार आला आहे. या इतिहासातून त्याला काय सांगू?

हा आजचा सगळ्यात चांगला प्रश्न. मी वकील नाही, त्यामुळे सही करण्याआधी वकिलाला दाखवा, हे पहिलं. पण चार गोष्टी विचारायला सांगा. मुद्रित झालेल्या गाण्याची मालकी कोणाकडे? शब्द आणि चालीचे हक्क कोणाकडे? मिळणारी रक्कम ही बक्षीस आहे की उचल, आणि उचल असेल तर कशाकशातून वळती होणार? आणि करार संपतो कधी? आपल्याकडे २०१२ मध्ये कॉपीराईट कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यामुळे गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा सहजासहजी लिहून देता येत नाही. ती तरतूद त्याला माहीत असू द्या.

आणि पाचवी गोष्ट, कंपनीला नव्हे, बँडमधल्या मित्रांना विचारायची. गाण्यावर नाव कोणाचं लावायचं? हे पैसे यायच्या आधी ठरवा. क्वीनला ते ठरवायला १९८९ उजाडलं.